चौसष्टावं घर

बायकोने दुसऱ्या चौकोनात खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म नवऱ्याकडे सरकवला.

नवऱ्याला वसाहतीत सगळे अध्यक्ष म्हणत. अध्यक्षांनी ती खूण पाहिली आणि खिडकीपलीकडच्या कारकून बाईंना हसून सांगितलं, की हिचा चष्मा बदलायला झालाय, खूण भलतीकडे पडली, एक कोरा फॉर्म द्या. पहिला पर्याय म्हणजे जुन्या घराच्या बदल्यात एक मोठं घर. दुसरा म्हणजे तेवढ्याच जागेत दोन लहान, वेगवेगळी घरं. बाईंनी कोरा फॉर्म दिला. बायकोने तो घेतला आणि पुन्हा दुसऱ्याच चौकोनात खूण केली. या वेळी जरा ठसठशीत.

मागे रांगेत अर्धी वसाहत उभी होती. गृहनिर्माण मंडळाच्या कार्यालयात पर्याय देण्याचा आज शेवटचा दिवस होता, आणि ही रांग लागली होती ती अध्यक्षांच्या जिवावर. उपनगरातल्या चार जुनाट इमारती पाडून तिथे नव्या उभ्या राहाव्यात म्हणून त्यांनी सहा वर्षं मंडळाचे उंबरे झिजवले होते. चौसष्ट बिऱ्हाडं आणि चौसष्ट तऱ्हा. कुणाला तळमजला सोडवेना, कुणाला लिफ्टची धास्ती. अध्यक्ष प्रत्येकाच्या दारात गेले, चहा प्यायले, तुम्हाला काय हवंय ते सांगा म्हणाले, आणि लोक सांगतील ते वहीत उतरवून घेतलं. हा दुसरा पर्यायसुद्धा त्यांनीच मंडळाशी भांडून मिळवला होता. गॅरेजवाल्याच्या दोन सुनांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. एका छपराखाली ठेवल्या तर एक दिवस कुणाचं तरी डोकं फुटेल, असं सांगून त्यांनी साहेबांना हसवलं होतं आणि पटवलंही होतं.

स्वतःच्या घराचं तर ठरल्यातच जमा होतं. सातवा मजला, पूर्वेची खिडकी, आणि बैठकांसाठी ऐसपैस हॉल. आजवर समितीच्या सगळ्या बैठका त्यांच्या दीड खोलीतच झाल्या होत्या. माणसं पलंगावर, ट्रंकेवर, थेट ओट्याला टेकून बसत. बायको चहा देई आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राही. अध्यक्ष भर सभेत कौतुकाने सांगत, आमच्या हिला काहीही चालतं. लोक टाळ्या वाजवत.

त्यांनी बायकोला भिंतीपाशी नेलं. आवाज खाली आणून विचारलं, माझं काही चुकलं का, मी काही लागेलसं बोललो का. ती नाही म्हणाली. मग चाळिशी उलटलेल्या थोरल्या लेकीने डोक्यात काही भरवलंय का? तिला यातलं काही ठाऊक नाही, असं ती म्हणाली. मग ते समजावू लागले. या वयात कुणाला काही झालं तर काय करायचं, लोक तोंडात शेण घालतील, ज्या माणसाने साऱ्या वसाहतीची घरं जुळवली त्याचंच घर मोडलं म्हणतील. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घर मोडायचं नाही मला," ती म्हणाली. "मला एक दार हवंय. आतून लावलं, तर मी उघडेपर्यंत लागलेलं राहील असं."

अध्यक्षांनी भिंतीला हात टेकला. ही बाई आपल्यावर चिडलेली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. चिडलेल्यांची समजूत काढण्यात त्यांचा हातखंडा होता.

तेवढ्यात कारकून बाईंनी हाक मारली. घर दोघांच्या नावावर, तेव्हा दोघांच्या सह्या हव्यात. एक जरी फॉर्म राहिला तरी यादी पूर्ण होणार नाही, आणि यादी अडली की चौसष्ट घरं अडली. हा नियम अध्यक्षांनी स्वतः लोकांना घरोघरी जाऊन समजावला होता. त्यांनी काखेतली वही उघडली. पानापानावर लोकांचे शब्द होते, त्यांनी सांगितले तसेच. शेवटच्या पानावर चौसष्टावं घर होतं. पहिला पर्याय, सातवा मजला, मोठा हॉल. हिला हे आपण कधी विचारलं होतं, ते अध्यक्ष आठवू लागले. पलंगावर बसून, की जेवताना, की कुठल्या बैठकीनंतर? खूप आठवूनही सापडेना. मागच्या रांगेतून कुणीतरी गमतीने म्हणालं, अध्यक्ष, आटपा, आमचीही घरं व्हायचीत.

अध्यक्ष खिडकीशी गेले आणि त्यांनी सही केली.

बाईंनी फॉर्मवर शिक्का मारला. दोन्ही घरं एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी मिळू शकतील, तशी देऊ का, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

"माझं दुसऱ्या इमारतीत द्या," बायको म्हणाली.

दोघं रांगेशेजारून बाहेर निघाले. लोक नमस्कार करत होते, कुणी त्यांचा हात हातात घेत होतं. अध्यक्ष मान डोलावत चालत राहिले. बाहेरच्या पायऱ्यांवर मात्र ते थांबले.

"हे कधीपासून होतं तुझ्या मनात?"

तिने खरोखरच आठवून पाहिलं.

"थोरली पोटात होती तेव्हापासून," ती म्हणाली. "पण तेव्हा दुसरी खोली कुठे होती?"