घरून आणलेला आवाज

"अण्णा दोन पायऱ्या चढले की खोकत बसतात. तुला सांगत नसतील," भुसावळच्या घराशेजारच्या कुमुदमावशींचा मेसेज आला तेव्हा क्षिप्रा सलग बाराव्या तासाला काम करत होती. वडिलांशी ती रोज कॉलवर बोलायची. आवाज अगदी ठणठणीत.

सगळ्यांचाच आवाज आता तसा येई. कॉलमधली धाप, खोकला, थकवा ब्राउझरमधली स्क्रिप्ट, एक छोटासा प्रोग्राम, वाटेतच गाळून टाकायची. ती क्षिप्राच्याच टीमने लिहिली होती. तिला शिकवायला नको असलेल्या आवाजांचे नमुने टीममधल्या प्रत्येकाने घरून आणायचे होते. कुणी मिक्सर आणला, कुणी कुकरची शिट्टी. क्षिप्राने अण्णांचा खोकला दिला होता.

तिने आपल्या आणि अण्णांच्या, दोन्ही बाजूंची स्क्रिप्ट बंद केली आणि भुसावळला कॉल लावला.

"मी मजेत आहे गं," अण्णा म्हणाले आणि मिनिटभर नुसते खोकत राहिले.

"उद्या येते. डॉक्टरांकडे जाऊ."

"उगाच रजा कशाला घालवतेस? आणि तुझा आवाज असा का येतोय? झोपतेस तरी का?"

'मी मजेत आहे' म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि स्क्रिप्ट बंद असल्याचं आठवून मिटलं.