खाटेसमोरचं झाड

"झाडं काढून टाकू," रुग्णालयाचा व्यवस्थापक म्हणाला आणि नकाशातल्या अंगणावर त्याने लाल पेन्सिलने फुली मारली. "पानं गळतात, किडे होतात, झाडायला माणसं लागतात. त्यापेक्षा तिथे आणखी एक तपासणी विभाग बसेल."

वास्तुकाराने मान हलवली. "चालेल."

पूर्वी तो असा नव्हता. एका खिडकीसाठी समोरच्याच्या नाकी नऊ आणणारा माणूस. मुलांच्या या रुग्णालयाचा आराखडा त्याने आणि बायकोने मिळून काढला होता. ती झाडं निवडायची, तो भिंती सरकवायचा. मधोमध मोकळं अंगण, भोवती वॉर्ड, आणि खिडक्या इतक्या बुटक्या, की पोराला पडल्या पडल्या झाड दिसावं. तेव्हा त्यांची मुलगी टेबलाखाली बसून पेन्सिलीची टरफलं गोळा करायची. मग ती आजारी पडली. दुसऱ्या एका रुग्णालयात राहिली आणि घरी परत आलीच नाही.

त्यानंतरही दोघं वेळेवर उठत होती, जेवत होती, कचेरीत शेजारी शेजारी बसत होती. भांडण नाही, रडणं नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं उरलं होतं. मुलीचा विषय कुणीच काढत नव्हतं. या बैठकीलाही बायको आली ती फक्त रोज येते म्हणून.

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. इतक्या सहज मिळालेल्या होकाराने त्यालाच अवघडल्यासारखं झालं.

"अहो, निसर्ग ठेवूच की आपण," तो समजुतीने म्हणाला. "खिडक्यांच्या जागी भिंतभर झाडांची चित्रं लावू. हल्ली सगळीकडे लावतात. पोरं खूश असतात."

"चालेल," वास्तुकार पुन्हा म्हणाला.

"आमची खूश नव्हती."

आवाज इतका साधा होता, की बायको बोलली हे क्षणभर कुणाला कळलंच नाही. ती टेबलाकडेच बघत होती.

"तिच्या खाटेसमोर असंच चित्र होतं. हिरवंगार, छतापर्यंत. खिडकी नव्हती. शेवटच्या दिवशी बराच वेळ बघत होती त्याच्याकडे. मग मला म्हणाली, आई, हे झाड हलत का नाही गं?"

व्यवस्थापकाने पेन्सिल खाली ठेवली. वास्तुकार बायकोकडे बघत राहिला. त्या वेळी तो खाली औषधं आणायला गेला होता. हे त्याला आज कळत होतं.

त्याने नकाशा स्वतःकडे ओढला. "अंगण राहील," तो म्हणाला.

"राहू दे," व्यवस्थापक हळूच म्हणाला.

मग वास्तुकार बायकोकडे वळला. कित्येक महिन्यांत त्याने तिला काही विचारलं नव्हतं.

"तू काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, आज वारा पडलाय, बाळा."