माकड, मगर आणि स्थळ

पोहे, लीलो चेवडो, चहा सगळं झालं आणि मोठ्यांनी शर्वरी-अमोघला गॅलरीत बोलायला पाठवलं. दोघांनाही काही सुचेना. मग कळलं, माकड-मगरीच्या एका कार्टून सिनेमावरचा गेम दोघांच्याही मोबाइलवर आहे! लगेच जोडीनं खेळायला बसले.

आत मोठ्यांना नुसते आवाज ऐकू येत होते.

"तू हो पुढे, मी आहे ना!"

"हात सोडू नकोस हं!"

अमोघच्या आईला भरूनच आलं. "चालो, नक्की समजायचं ना?" म्हणत शर्वरीचे बाबा पेंडे आणायला उठून चपला घालू लागले. साखरपुड्याचा हॉलसुद्धा ठरला, तरसाली भागातला.

तेवढ्यात शर्वरी तणतणत आत आली. "बाबा, चपला काढा. मला हे स्थळ नको."

"अगं, पण झालं काय?"



"मगरीनं मला धरलं आणि हा खुशाल आंबे गोळा करत बसला! पावसाळ्यात विश्वामित्री नदीतल्या खऱ्या मगरी यांच्या सोसायटीत येतात, बाबा. तिथं मी कुणाच्या जिवावर राहू?"