कंबरेची काळजी

"बायकांच्या कंबरेचे हाल आता बघवत नाहीत," असं म्हणत सासऱ्यांनी खुरपणीचं यंत्र आणलं. ऐटीत बसून चालवायचं, वर सावलीला छत्रीसुद्धा. आजवर घरात खुरपं धरलं ते आम्ही बायकांनीच, म्हणून मी आपलं विचारलं, "मी चालवू का?"

सासरे हसले. "अगं, यंत्र आहे ते, लाटणं नव्हे!"

मग आमचे हे राजासारखे यंत्रावर चढले. पण रोपाच्या बुडाशी चिकटलेलं गवत त्या यंत्राने काही निघेना. ते उपटायला यंत्रामागून मी आणि सासूबाई, दिवसभर वाकून. पूर्वी निदान आमच्या चालीने काम व्हायचं, अधेमधे पाठ सरळ करता यायची. आता यंत्र पुढे पळणार आणि आम्ही मागून धापा टाकणार.

संध्याकाळी घरी आलो. सासूबाईंनी एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने स्वतःची कंबर धरत कसाबसा उंबरठा ओलांडला, आणि मला म्हणाल्या,



"स्वयंपाकाचं नंतर बघ, आधी त्याच्या कंबरेला तेल चोळ. दिवसभर बसून बसून पार आखडलाय गं बिचारा!"