सतरा नंबरचे चार मार्क

अडतीस खोडून बाईंनी चौतीस केले. सतरा नंबरचा पेपर गठ्ठ्यात खाली सरकवला आणि लाल पेनाला टोपण लावलं. चाळीसपैकी चौतीस काही वाईट नाहीत, असं स्वतःला सांगितलं. वाईट नव्हतेच. फक्त पहिले नव्हते.

पेपरवर नाव नव्हतं. फादरांचा तसा नियमच होता, नुसता नंबर. पण अक्षराला कोण नियम लावणार? त्यांची पोरगी अनुस्वाराचं टिंब देत नाही, पोकळ गोळा काढते. बालवाडीपासून सांगून सांगून बाईंची जीभ झिजली होती. हे गोळे जगात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

फादरांच्या विद्यापीठात दर उन्हाळ्यात शाळेतल्या पोरांसाठी चार आठवड्यांचे वर्ग भरत. चर्चमागच्या वसतिगृहात राहायचं, सकाळी प्रार्थना, दिवसभर तास, शेवटी नीतिशास्त्राचा एकच निबंध. पहिल्या नंबराला पदवीला फुकट प्रवेश. पोरं बेचाळीस, जागा एक. शिकवायला आणि तपासायला बाई, गेली अकरा वर्षं तासिकेवर. त्या इमारतीत फक्त पुतळे कायम होते, माणसं हंगामी. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

यंदा बाईंनी स्वतःच्या मुलीलाही बसवलं होतं. ज्या फाटकातून आपण पाहुण्यासारखी ये-जा केली, तिथून पोरीने हक्काने आत जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

प्रश्न त्यांनीच काढला होता : तुम्ही सर्वांत जास्त वेळा बोललेलं खोटं कोणतं?

सतरा नंबरने लिहिलं होतं, ‘आई कामावरून येते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. पाय भिंतीला लावून पडते आणि विचारते, दिवस कसा गेला? मी म्हणते, छान. पाण्याच्या तांब्याबरोबर मी तिला रोज एक ‘छान’ देते. खरं सांगितलं तर तिला उठून बसावं लागेल, आणि तेवढा जीव तिच्यात नसतो.’

बाईंनी आधी मुकाट्याने अडतीस दिले होते. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कान तापले. इतकी वर्षं राब राब राबले आणि हे असं लिहितेस? मग मनाशी म्हणाल्या, पोटच्या पोरीला झुकतं माप नको. न्याय म्हणजे न्याय. आणि चार कापले.

दोन दिवसांनी यादी लागली. छत्तीसवाला मुलगा पहिला. सतरा नंबर दुसरा.

पोरगी तरातरा शिक्षकांच्या खोलीत आली. नशीब, दुसरं कुणी नव्हतं.

“आई, सतराला चौतीस? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“चौतीस कमी नाहीत. आपल्या माणसाला जास्त दिले असते तर लोकांनी—”

“आपलं माणूस? कोण आपलं माणूस?”

बाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं.

“अगं, तो पेपर माझा नाहीये! माझ्या खोलीतली ती, आदल्या दिवशी जिन्यावरून पडली. हाताला प्लास्टर. सिस्टर लेखनिक शोधत होत्या, कुणी मिळेना. मग मी बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिची आई दवाखान्यातल्या चादरी धुते.”

“आणि तुझा पेपर?”

“दिलाच नाही. एका वेळी किती लिहू? आणि मला ती जागा नकोच होती. तुला हवी होती.”

बाई खाली बसल्या. “मला वाटलं, तू माझ्याबद्दल लिहिलंयस.”

“तिची आई विचारते तरी,” पोरगी म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाई तशाच फादरांकडे गेल्या आणि पेपर मुलीचा समजून चार मार्क कापल्याचं सांगितलं. फादरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फादर भला माणूस. भल्या माणसांना दुसऱ्याची लाज झाकायची सवय असते, आणि त्या झाकण्यात तिसऱ्याच कुणाचा तरी जीव गुदमरतो, ते त्यांना दिसत नाही.

“मुलीला झुकतं माप जाऊ नये म्हणून तुम्ही कडक तपासलंत,” ते म्हणाले. “तो काही गुन्हा नाही, बाई. तेवढ्यासाठी यादी फिरवली तर उद्या चाळीस पोरांचे आईबाप माझ्या दारात उभे राहतील. तपासणाऱ्याने जाणूनबुजून अन्याय केला असेल, तरच मार्क बदलता येतात. पण मग त्या माणसाला मी पुन्हा इथे तास देऊ शकत नाही. तसं काही नाहीये ना?”

त्यांनी चहाचा कप बाईंच्या पुढे सरकवला. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक टेबलावरच होतं. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं, आणि फादरांनी वर कौतुकही केलं असतं.

उघड्या दारातून बाहेरचं बाकडं दिसत होतं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेली एक किडकिडीत पोरगी बॅग भरून तिथे बसली होती. तिने यादी पाहिली होती, आणि आता ती बसची वाट पाहत होती.

बाईंना एकाएकी फार थकवा आला. अकरा वर्षांचा. त्यांनी कप परत सरकवला.

“कडकपणा नव्हता, फादर,” त्या म्हणाल्या. “वाचून मला झोंबलं, म्हणून कापले.”