सतारीमागची गुणगुण

सुई रेकॉर्डवर टेकली आणि नलूताईंच्या कानात पुन्हा ती गुणगुण सुरू झाली. बरणीत माशी कोंडावी तशी.

त्यांनी चेहरा हलू दिला नाही. सिंदीच्या शाळेत तीस वर्षं मुलींना गाणं शिकवलेल्या बाईने कानाची तक्रार सांगायची तरी कोणाला? दिवाळीपासून हे चाललं होतं. स्वयंपाकघरात काही नाही, बाजारात काही नाही. पण नालवाडीच्या घरातल्या या मागच्या खोलीत सगळे बसले, पडदे ओढले, भाच्याने हौसेने बसवलेल्या नव्या दिव्यांचं बटण फिरवून उजेड मंद केला, की सतारीच्या मागे घूं सुरू. बारीक ऐकायला बसलं की म्हातारा कान असाच वाजतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

गुरुवारच्या बैठकीला आता तिघंच उरले होते. त्या स्वतः, शेजारच्या सीताबाई आणि रेल्वेतून निवृत्त झालेले महादेवराव. आजची बैठक शेवटची, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. भाची समीक्षा नागपूरहून गाडी घेऊन आली होती. सगळ्या रेकॉर्ड तिला द्यायच्या. ज्याला नीट ऐकू येतं त्याच्याकडे त्या असाव्यात.

सीताबाईंच्या कानात लसणाच्या तेलाचा बोळा होता. खोलीभर वास.

"सर्दी झाली मले," त्या म्हणाल्या.

"एप्रिलात? वर्ध्यात?" महादेवराव म्हणाले. "बाई, सर्दीनंबी काई विचार करून यावं."

"अन् तुमी घरात बसून कानाले दुपट्टा काऊन गुंडाळला?"

"सवय हाये."

मग दोघांनी डोळे मिटले. नलूताईंना त्यांचा हेवा वाटला. कसे निवांत ऐकतात!

सतार द्रुत लयीत आली तेव्हा समीक्षा रिकामा खोका घेऊन आत शिरली. मंद उजेडात तिला रेकॉर्डवरची नावं वाचता येईनात. तिने बटण पूर्ण फिरवलं. खोली लख्ख झाली आणि गुणगुण कापल्यासारखी तुटली. सतार एकटी उरली, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी स्वच्छ.

तिघांनीही एकदम डोळे उघडले.

समीक्षाने उजेड कमी केला. घूं. वाढवला. गप्प.

"आत्या, हे दिवे मंद केले की त्यांची घरघर स्पीकरमधून येते. इतके महिने तुम्हाला कोणालाच ऐकू आली नाही?"

नलूताईंनी सीताबाईंकडे पाहिलं. सीताबाईंनी बोळा काढून मुठीत लपवला.

"आली न," त्या म्हणाल्या. "मले वाटे, माह्याच कानात हाये."

"मलेबी," नलूताई म्हणाल्या आणि समीक्षाच्या हातातला खोका त्यांनी काढून घेतला.

महादेवराव दुपट्टा सोडत होते.

"मी तं सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं गेलतो. त्याले सांगतलं, दुसरीकडं कुठंच नाई, फक्त नलूताईच्या घरी वाजते. तो म्हणे, मंग तिथं जाऊ नका."

"मग?"

"म्हटलं, दुसरा काई इलाज सांगा."