फळीची उंची

पूर ओसरून महिना झाला, तरी दुकानदाराचा जीव थाऱ्यावर नव्हता. बटणं-दोऱ्यांचं अख्खं दुकान बुडालं होतं. चिखलाची रेघ भिंतीवर दाराच्या चौकटीइतकी उंच होती. सुताराने नवी फळी रेघेवर धरली. "अजून वर," दुकानदार म्हणाला. सुताराने ती हातभर चढवली. "अजून!" "मालक, आता छतच उरलंय," सुतार वैतागला. बाहेर डबे धूत बसलेली दुकानदाराची बायको ओल्या हातांनी आत आली. पंचवीस वर्षं गल्ल्यावर तो बसायचा, पण गिऱ्हाइकांना माल तीच काढून द्यायची. ती भिंतीसमोर उभी राहिली. टाचा न उचलता तिने हात वर केला. बोटं रेघेच्या वीतभर खालीच थांबली. "इथे ठोका, दादा." "अगं, परत पाणी आलं तर?" दुकानदाराचा आवाज चिरकला. "पाणी येईल कधीतरी," हात तसाच ठेवून ती म्हणाली. "मी रोज येते."